आत्याबाईंच्या मिशा

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. जे घडलेच नाही त्याविषयी कोणी फार बोलू लागला की घरातले वडीलधारे ही म्हण त्याच्यापुढे टाकतात, आणि बोलणारा बिचारा ओशाळून गप्प बसतो. माझ्या दोन्ही धंद्यांचा या म्हणीशी संबंध येतो. दिवसा मी शाळेत इतिहास शिकवतो. तिथे ‘जर’ आणि ‘तर’ यांना मज्जाव आहे. अमुक राजा मेला नसता तर काय झाले असते, असा प्रश्न कोणत्याही परीक्षेत येत नाही. रात्री मी कादंबरी लिहायला बसतो, आणि तिथे ‘तर’वाचून पान हलत नाही. दिवसा ज्याला वर्गाबाहेर उभे करायचे त्यालाच रात्री घरात बोलावून पाट मांडून द्यायचा, असा माझा प्रकार आहे.

पण हा ‘तर’ नुसता पोरकट खेळ आहे, असे मला वाटत नाही. विश्वासराव पानिपतावर पडले नसते तर? थोरले माधवराव अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेले नसते तर? हे प्रश्न आपल्याकडे शाळकरी मुलेही विचारतात आणि पेन्शनीत निघालेले आजोबाही विचारतात. त्यांत कुतूहल असते तसे दुःखही असते. म्हणूनच एक गोष्ट मला नीट पारखून पाहावीशी वाटते. ‘असे झाले असते तर’ या विचाराचा माणसाच्या नीतीला काही उपयोग आहे का? की ते केवळ गेलेल्या गाडीकडे पाहत फलाटावर उभे राहणे आहे? आपले ‘तर’ आपल्याला इतके जवळचे आहेत की त्यांच्याकडे पाहताना डोळे भरून येतात, आणि भरल्या डोळ्यांनी पारख होत नाही. म्हणून मी एक परका ‘तर’ घेतो. तो इंग्लंडातला आहे आणि नऊशे वर्षांपूर्वीचा आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. पंडितांशी वाद घालण्याचा माझा अधिकार नाही. परंतु गोष्ट सांगण्याचा अधिकार कोणाही मास्तराला असतो.

सन ११२०, नोव्हेंबरची २५ तारीख. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील बार्फ्लर हे बंदर. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री नॉर्मंडीतली आपली कामे आटोपून परत निघाला होता. तेवढ्यात टॉमस नावाचा एक नाखवा त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. १०६६ साली हेन्रीचा बाप विल्यम इंग्लंड जिंकायला निघाला तेव्हा त्याचे जहाज टॉमसच्या बापाने हाकले होते. तोच मान आता आपल्याला मिळावा, अशी त्याची विनंती होती. राजाने स्वतःचा बेत बदलला नाही. पण नाखव्याचे मन राखायचे म्हणून त्याने आपला मुलगा आणि तरुण मंडळी त्याच्या जहाजात दिली. या जहाजाचे नाव होते ‘पांढरे जहाज’.

युवराज विल्यम सतरा वर्षांचा होता. हेन्रीला अनौरस मुले विसाहून अधिक होती; पण गादीवर बसू शकेल असा औरस मुलगा हा एकच. जहाजावर सुमारे तीनशे माणसे चढली. युवराजाने खलाशांना मद्य दिले आणि ते पोटभर प्याले. जहाजाला आशीर्वाद द्यायला आलेल्या धर्मगुरूंना त्यांनी हसून परत लावले. काही लोकांना हा रंग आवडला नाही आणि ते उतरून गेले. स्टीफन नावाचा राजाचा एक भाचाही उतरला. त्याचे पोट बिघडले होते, असे एका बखरकाराने लिहिले आहे. हा स्टीफन वाचकांनी लक्षात ठेवावा.

अंधार पडल्यावर जहाज सुटले. राजाचे जहाज पुढे गेले होते. ते गाठायचे म्हणून वल्ही जोराने चालू लागली. बंदराच्या तोंडाशीच एक खडक होता, त्याच्यावर जहाज आदळले. युवराजाला लोकांनी घाईने एका होडीत घातले. तो वाचलाही असता. पण मागून त्याला सावत्र बहिणीचा आक्रोश ऐकू आला आणि त्याने होडी परत फिरवली. बुडणाऱ्या माणसांनी होडीच्या कडा धरल्या आणि होडीही बुडाली. एवढ्या माणसांतून वाचला तो रूआँ गावचा एक खाटीक. थंडीसाठी त्याने अंगावर मेंढीची कातडी घातली होती, तिने त्याला तारले. नाखवा टॉमस एकदा पाण्यावर आला, युवराजाचे काय झाले असे त्याने विचारले, आणि उत्तर ऐकून तो पुन्हा खाली गेला, अशी हकिकत आहे. इंग्लंडात राजाला ही बातमी सांगायला कोणी सरदार धजेना. शेवटी त्यांनी एका लहान मुलाला पुढे केले. मूल रडत राजाच्या पाया पडले, आणि राजाला कळले.

कादंबरीकाराला याहून मोठे घबाड कोणते हवे? विल्यम वाचला असता तर स्टीफन राजा झाला नसता. पुढचा दुसरा हेन्री गादीवर आला नसता. त्याची राणी एलिनॉर हिच्याबरोबर आलेला फ्रान्सचा नैऋत्य मुलूख इंग्लंडच्या राजाकडे आला नसता. त्यांचा धाकटा मुलगा जॉन राजा झाला नसता, आणि १२१५ साली त्याच्या सरदारांनी त्याच्याकडून जी सनद घेतली ती मॅग्ना कार्टाही झाली नसती. एक खडक दहा हात बाजूला असता तर एवढे सारे पुसले जाते.

पण जरा थांबावे. या साखळीची पहिली कडी पोलादाची आहे आणि शेवटची धुराची. वाचलेला विल्यम चांगला राजा झाला असता, हे कोणी सांगितले? वारस असला की राज्य सुखी होते, असाही नियम नाही. त्याच दुसऱ्या हेन्रीला चार मुलगे हाताशी आले. थोरल्याचा तर त्याने ११७० साली, स्वतः जिवंत असतानाच, राज्याभिषेक करून टाकला. परिणाम काय झाला? ११७३ साली त्यांपैकी तीन मुलगे बापावर हत्यार घेऊन उठले. एका हेन्रीला वारस नाही म्हणून दुःख, दुसऱ्याला वारस पुष्कळ म्हणून. तेव्हा खडकापाशी उभे राहून ‘तर’ म्हणत बसण्याने मन हळवे होते, पण शहाणे होत नाही. हा दैवाचा ‘तर’ आहे. समुद्राला कोणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू शकत नाही.

आता तारखा पाहा. जहाज बुडाले ११२० साली. देशात लढाई पेटली ती ११३८-३९ च्या सुमारास. मधली अठरा वर्षे समुद्राची नव्हती, माणसांची होती. हेन्रीने दुसरे लग्न केले, पण मूल झाले नाही. तेव्हा त्याची नजर आपल्या मुलीकडे वळली. तिचे नाव मटिल्डा. जर्मनीचा सम्राट हा तिचा नवरा. तो ११२५ साली वारला आणि ती बापाकडे परत आली. १ जानेवारी ११२७ रोजी हेन्रीने आपल्या सरदारांना आणि बिशपांना एकत्र करून शपथ घ्यायला लावली. आपल्याला मुलगा झाला नाही तर आपल्यामागे मटिल्डेला राज्य द्यायचे, अशी ही शपथ होती. अगोदर शपथ घेण्याचा मान कोणाचा, यावरून दोन सरदारांत चुरस लागली. त्यांतला एक म्हणजे जहाजावरून उतरलेला आपला स्टीफन.

१ डिसेंबर ११३५ रोजी हेन्री मेला. बातमी कळताच स्टीफन लगबगीने समुद्र ओलांडून लंडनला गेला आणि २२ डिसेंबरला त्याने स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला. ज्यांनी शपथ घेतली होती ते बहुतेक सरदार मुकाट्याने त्याच्या बाजूला गेले. बाईच्या हाताखाली राहायचे कसे, हा त्यांचा मनातला प्रश्न होता.

म्हणजे मटिल्डेला मिशा नव्हत्या! आपल्या म्हणीला त्या सरदारांनी राज्याचा कायदाच करून टाकला. आणि गंमत पुढेच आहे. स्टीफनचा गादीवरचा हक्क कोणाकडून आला? त्याच्या आईकडून. त्याची आई ॲडेला ही हेन्रीची बहीण, म्हणजे मटिल्डेची सख्खी आत्याबाई. राजाच्या मुलीला राज्य देता येत नाही, पण राजाच्या बहिणीमार्फत ते तिच्या मुलाकडे जाऊ शकते! आत्याबाईला मिशा नव्हत्या हे खरे. पण तिच्या लेकाला होत्या, आणि तेवढ्यावर काम भागले.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. ती शपथ राजाच्या धाकाने घेतली होती, आणि धाकाची शपथ बांधत नाही, असे म्हणणारे होते. मुलीचे लग्न आम्हाला विचारल्यावाचून परमुलखात करायचे नाही अशी अट होती आणि राजाने ती मोडली, असेही सांगितले गेले. ११२८ साली हेन्रीने तिला आंजूच्या जॉफ्रीला दिले. वधू सव्वीस वर्षांची, वर चौदा वर्षांचा, आणि त्याचे घराणे नॉर्मन सरदारांचे पिढीजात वैरी. तक्रारीत तथ्य नव्हते असे नाही. पण तक्रार होती तर ती हेन्री जिवंत असताना त्याच्या तोंडावर कोणी केली? तो मेल्यावर ह्यू बायगॉड नावाच्या सरदाराने शपथेवर सांगितले की राजाने मरताना मन बदलले होते. म्हणजे एक शपथ मोडायला दुसरी शपथ कामाला लावली!

आता ‘तर’ विचारा. सरदारांनी दिलेला शब्द पाळला असता तर? हा माणसाचा ‘तर’ आहे. खडक हलवणे कोणाच्या हाती नव्हते. शब्द पाळणे मात्र प्रत्येकाच्या हाती होते. या दोन ‘तर’ची गल्लत आपण रोज करतो. पाऊस आला नसता तर, अमका भेटला नसता तर, असे दैवाचे ‘तर’ आपण मोठ्याने बोलतो. त्यांच्या आवाजात माणसाचा लहानसा ‘तर’ बुडून जातो, आणि तो बुडावा अशीच पुष्कळदा आपली इच्छा असते.

पुढे जे झाले ते थोडक्यात सांगतो. ११३९ साली मटिल्डा इंग्लंडात उतरली. ११४१ च्या फेब्रुवारीत लिंकनच्या लढाईत स्टीफन पकडला गेला, आणि आता ती राणी होणार असे सर्वांना वाटले. पण लंडनकरांनी तिला राज्याभिषेकापूर्वीच हुसकून लावले. ती गर्विष्ठ होती, तिने पैशाची मागणी केली, असे तिच्यावर आरोप आहेत. पुरुष राजा तसा वागला असता तर त्याला करारी म्हटले असते, ही गोष्ट वेगळी. त्याच वर्षी कैद्यांची अदलाबदल होऊन स्टीफन सुटला. पुढच्या वर्षी डिसेंबरात ऑक्सफर्डच्या वेढ्यातून ती पांढरी वस्त्रे पांघरून बर्फावरून पळाली. अशी ही सोंगटी कधी इकडे, कधी तिकडे. दरम्यान ज्याला त्याला किल्ले बांधण्याची हाव सुटली. पीटरबरोच्या मठात बसून एक संन्यासी वर्षांची टिपणे लिहीत होता. किल्ल्यांत कोंडून लोकांचा छळ कसा होई, गावे कशी ओस पडली, पेरण्या कशा बंद झाल्या, हे त्याने लिहून ठेवले आहे. गादीवर बाई असावी की बुवा, हे त्या नांगरधाऱ्यांना कोणी विचारले नव्हते. हिशेब मात्र त्यांच्याकडून वसूल झाला.

आणि शेवट कसा झाला? ११५३ साली स्टीफनचा मुलगा यूस्टस अकस्मात वारला. थकलेल्या स्टीफनने तह केला: आपण मरेपर्यंत राज्य करावे, आपल्यामागे मटिल्डेच्या मुलाने. ११५४ साली तो मेला आणि तिचा मुलगा दुसरा हेन्री म्हणून गादीवर बसला. म्हणजे शपथ पाळली असती तर जे झाले असते, जवळजवळ तेच एकोणीस वर्षांनी झाले. फरक मधल्या मढ्यांचा.

परंतु या रक्ताळलेल्या काळातलीच एक गोष्ट आहे, तिच्यासाठी मी हा सारा इतिहास उकरला. ती ११५२ सालची आहे. स्टीफनने न्यूबरीजवळ एका किल्ल्याला वेढा घातला होता. किल्ला जॉन मार्शल या मटिल्डेच्या पक्षातल्या सरदाराचा. त्याने वरिष्ठांना विचारण्यासाठी मुदत मागितली आणि ओलीस म्हणून आपला पाच-सहा वर्षांचा मुलगा विल्यम स्टीफनच्या स्वाधीन केला. मुदत मिळताच त्याने किल्ल्यात धान्य आणि माणसे भरली आणि किल्ला देण्याचे नाकारले. मुलाला फाशी देऊ, असा निरोप गेला. बापाने उत्तर पाठवले ते असे, की हातोडा आणि ऐरण दोन्ही माझ्याजवळ शाबूत आहेत, याहून चांगले मुलगे मी घडवीन!

मुलाला वधस्तंभाकडे नेऊ लागले. त्याला काय माहीत? वाटेत एका सरदाराच्या हातातला भाला पाहून त्याने तो खेळायला मागितला. ते पाहून स्टीफनला राहवले नाही. त्याने पोराला उचलून परत आणले. मुलाला गोफणयंत्रात घालून किल्ल्यात फेकावे, असेही कोणी सुचवले. तेही त्याने होऊ दिले नाही. पुढे एके दिवशी तंबूत जमिनीवर पसरलेल्या गवतातले देठ उचलून ते मूल देठांची लढाई खेळत होते आणि इंग्लंडचा राजा खाली बसून त्याच्याशी खेळत होता. ही हकिकत विल्यमच्या मृत्यूनंतर त्याच्या घरच्यांनी लिहवून घेतलेल्या पद्यचरित्रातली आहे. तिला थोडा मुलामा असेल. पण मूल वाचले ही गोष्ट खरी.

यावर एक कठोर प्रश्न येतो, आणि तो टाळून चालणार नाही. स्टीफन मऊ आहे, शिक्षा करीत नाही, हे ओळखूनच सरदार माजले होते, असे त्या पीटरबरोच्या संन्याशानेही नोंदवले आहे. मग या पोरावरची दया हाही त्याच दुबळेपणाचा भाग नव्हे काय? राजाच्या दयेची किंमत शेतकऱ्यांनी मोजायची काय? मला वाटते, इथे दोन वेगळ्या गोष्टी एका नावाने ओळखल्या जातात. बलवान सरदारापुढे स्टीफन मऊ पडे तो भीतीने. त्याला ते मोडता येत नव्हते, कारण त्यांनी शब्द मोडला म्हणूनच तो राजा झाला होता. शब्द पाळा असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? मुलापुढे मात्र भिण्यासारखे काही नव्हते. तिथे तो मऊ झाला तो दयेने. भीतीचा मऊपणा बलवानापुढे दिसतो आणि दयेचा दुबळ्यापुढे. पहिल्याने देश नासला. दुसऱ्याने कोणाचे काही नासले नाही.

उलट त्या मुलाचे पुढे काय झाले ते ऐका. १२१६ च्या ऑक्टोबरात जॉन राजा मेला. त्याचा वारस तिसरा हेन्री नऊ वर्षांचा होता. फ्रान्सचा युवराज लुई सैन्य घेऊन इंग्लंडात बसला होता आणि पुष्कळ सरदार त्याला मिळाले होते. अशा वेळी पोराच्या राज्याचा कारभार अंगावर घेणार कोण? सत्तरीच्या घरातला एक म्हातारा पुढे आला. सर्वांनी सोडले तरी मी या मुलाला खांद्यावर घेऊन मुलूखभर फिरेन, अशा अर्थाचे तो बोलल्याचे सांगतात. मॅग्ना कार्टा १२१५ मध्येच पोपने रद्द ठरवली होती. या म्हाताऱ्याच्या कारभारात ती १२१६ आणि १२१७ साली सुधारून पुन्हा जाहीर झाली. १२१७ च्या मेमध्ये लिंकनच्या लढाईत तो स्वतः घोड्यावर बसून लढला आणि जिंकला. हा म्हातारा म्हणजे विल्यम मार्शल, न्यूबरीच्या वधस्तंभावरून परत आलेले पोर!

येथे मास्तराला मोह होतो की फळ्यावर तात्पर्य लिहावे: दया करा, फळ मिळते. मी ते लिहिणार नाही, कारण ते खोटे आहे. १२०३ च्या सुमारास जॉनच्या कैदेत असलेला त्याचा पुतण्या आर्थर नाहीसा झाला. जॉननेच त्याला मारले असे जगाने मानले, आणि १२०४ मध्ये नॉर्मंडी जॉनच्या हातून गेली. इथपर्यंत तात्पर्य बसते. पण १४८५ साली सातव्या हेन्रीने वॉरिकचा एडवर्ड नावाचा दहा वर्षांचा मुलगा केवळ त्याचा गादीवर हक्क पोचतो म्हणून कैदेत टाकला. तो जगापासून इतका दूर वाढला की हंस आणि कोंबडा यांतला भेद त्याला कळत नसे, असे म्हणत. चौदा वर्षांनी, १४९९ साली, त्याचा शिरच्छेद झाला. आणि सातवा हेन्री १५०९ मध्ये आपल्या बिछान्यावर मेला, भरलेला खजिना आणि तरुण वारस मागे ठेवून. इतिहास हा सावकार सगळ्यांचे हिशेब चुकते करतोच असे नाही.

मग स्टीफनच्या दयेचे मोल कशात? समजा, ते पोर सुटल्यावर वर्षभरात तापाने गेले असते. मॅग्ना कार्टा नाही, लिंकन नाही, काही नाही. तरी त्या दिवशी त्याला फासावर न देणे योग्य होते की नव्हते? याचे उत्तर द्यायला कोणालाही चौसष्ट वर्षे वाट पाहावी लागत नाही. पुढचे पाहून बरे-वाईट ठरवायचे म्हटले तर ज्यांनी पोराला यंत्रात घालून फेकायला सांगितले तेही पुढचेच पाहत होते. त्यांनाही किल्ला लवकर पडावा आणि लढाई लवकर संपावी असे वाटत असेल.

म्हणून मला वाटते, ‘तर’ची खरी जागा कृतीच्या अगोदर आहे, नंतर नाही. झाल्यावरचा ‘तर’ हळहळ आहे. करण्यापूर्वीचा ‘तर’ विवेक आहे: मी हा शब्द मोडला तर, मी हा हात उगारला तर. या प्रश्नाचे पुरते उत्तर कोणालाच कळत नाही. पण तो विचारणारा माणूस क्षणभर थांबतो, आणि पुष्कळ चांगली कामे त्या क्षणातच होतात. एकाच स्टीफनने एकदा शब्द मोडताना हा प्रश्न विचारला नाही, आणि एकदा मूल मारताना विचारला. माणूस सबंध चांगला किंवा सबंध वाईट नसतो, एवढी आशा आणि एवढा धाक आपल्या सगळ्यांना पुरावा.

त्या तंबूत राजाला मॅग्ना कार्टा दिसत नव्हती, लिंकन दिसत नव्हते. त्याला समोर बसलेले आणि आपल्या हातातल्या देठाकडे पाहणारे एक पोर दिसत होते. त्याने आपला देठ पुढे केला.